अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

दर जूनमध्ये विद्यार्थ्यांचे अर्ज तपासताना एक गोष्ट हमखास लक्षात येते. मीरा रोड-भाईंदरच्या अनेक मुलांचा पत्ता गेल्या वर्षीचा नसतो. स्टेशन तेच, इमारत वेगळी. विचारावे तर उत्तर ठरलेले : "सर, अ‍ॅग्रीमेंट संपलं."

बोलताना ही कुटुंबे स्वतःला भाडेकरू म्हणवतात. कायद्याच्या लेखी ती भाडेकरू नसतात. त्यांच्या हातातला कागद 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे केवळ वापराच्या परवान्याचा असतो. हा फरक शब्दापुरता नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला घरात टिकण्याचा हक्क दिला आणि जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'ची चर्चा करताना आपण विनोद आणि स्मरणरंजन यांवर बोलतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या शेजाराला कायद्याचाही टेकू होता, हे मात्र विसरतो.

त्या कायद्याची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. गोठलेल्या भाड्यात दुरुस्त्या रखडल्या, पागडी फोफावली; १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक अवाजवी ठरवली. शिवाय १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरू करून टाकले होते, त्याची धास्ती मालकवर्गाच्या मनातून गेलेली नाही. आमच्याकडचा घरमालक पुष्कळदा कर्जाचे हप्ते फेडणारा नोकरदारच असतो. त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही.

पण त्या भीतीवरचा उपाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये आहे. कलम २४ नुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्या परवानाधारकाला बाहेर काढता येते आणि त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाईही घेता येते. मग अकरा महिन्यांचा हट्ट कशासाठी? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती. अकरा हा आकडा त्या पळवाटेतून आला. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली. ती जबाबदारी मालकावर टाकली आणि नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले. पळवाट बुजली, आकडा मात्र राहिला.

या आकड्याने मालकाचे फारसे काही साधत नाही. दलालाला दरवेळी नवी दलाली मिळते, आणि कुटुंबाला नवी शाळा, नवा दूधवाला, नवे शेजारी. दोन-तीन वर्षांच्या परवान्याला कायद्याची मनाई नाही. वार्षिक वाढ आधीच ठरवून, नोंदणी करून असा करार करता येतो. तो मागायला हवा, आणि गृहनिर्माण संस्थांनीही त्यासाठी आग्रह धरायला हवा.

मालकी हक्क कुणी मागत नाही. आमचा पदवीचा अभ्यासक्रम निदान तीन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षाच्या अर्जावरचा पत्ता शेवटच्या वर्षाच्या अर्जावरही तोच असावा, एवढीच अपेक्षा आहे.