मासळीची परीक्षा

मुलांनो, आज आपण एक खेळ खेळू. आमच्या काशीगावच्या बाजारात मासळीच्या पाट्या लागतात, तशी एक पाटी डोळ्यांसमोर आणा. रावस, पापलेट, बांगडा, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, सगळं एकत्र! आता ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत ते एका बाजूला काढा. रावस, पापलेट, बांगडा आले ना? (पापलेटचे खवले अगदी बारीक असतात, पण असतात हं!) कोळंबी, खेकडे, तिसऱ्या मात्र उरल्या.

अशीच परीक्षा फार पूर्वी कोकणात झाली होती, असं सांगतात. अलिबाग-पेणकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबं राहत. शनिवारी त्यांचा घाणा बंद! म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. दाविद राहाबी नावाचा एक ज्यू माणूस तिथे आला. ही माणसं आपल्याच धर्माची तर नाहीत? त्याने घरातल्या बायकांना सरमिसळ मासळी रांधायला दिली. त्यांनी पर-खवल्यांची तेवढी ठेवली, बाकीची बाजूला सारली. राहाबीला उत्तर मिळालं. पोथ्या नव्हत्या, शाळा नव्हती. धर्म चुलीपाशी टिकला होता!

हेच आपले बेने इस्राएल. बोली मराठी, आडनावं पेणकर, नवगावकर, दिवेकर. त्यांच्या धर्माला चालणाऱ्या अन्नाला 'कोशर' म्हणतात, म्हणजे योग्य. रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुरांचा प्राणी चालतो. म्हणून बकरा चालतो, डुक्कर नाही. रक्त वर्ज्य, म्हणून मटण आधी पाण्यात भिजवून मग मीठ लावून ठेवतात. भाज्या, फळं, धान्य सगळं चालतं.

आणि करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. त्यावरून मांस आणि दूधदुभतं एका जेवणात नाही. मग मटणाला दही लावायचं कसं? कोकणातल्या बायकांना काय अडचण! नारळाचं दूध होतंच की. नवस फेडायचा 'मलिदा' तर गोड पोह्यांचा, त्यात नारळ आणि सोबत फळं.

१९४८ साली इस्राएल देश झाल्यावर यांतले बरेचजण तिकडे गेले. इथे आता थोडेच उरलेत. आमच्याकडून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला गेलं की १८७९ सालचं त्यांचं प्रार्थनामंदिर आहे.

आता जरा डब्याच्या सुट्टीचं बोलू. "एक घास खा रे, काय होतंय?" असा आग्रह वर्गात रोज ऐकू येतो. कुणी कांदा-लसूण खात नाही, कुणाचा रोजा असतो, कुणाचा उपास. नको म्हणणाऱ्याला मग 'भाव खातो' म्हणून चिडवतात. हे मला मुळीच आवडत नाही. पालकांनो, वाढदिवसाला मुलं बोलवाल तेव्हा कोण काय खात नाही, हे आधीच विचारून ठेवाल का? जेलीच्या पाकिटावरही नजर टाका. तिच्यातलं जिलेटिन बहुधा जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं.

आणि मुलांनो, उद्या घरी आजीला विचारा, आपल्याकडे काय चालत नाही आणि का? उत्तर वहीत लिहून आणा.