आधी नोंद, मग दावा

तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंथनच्या बृहदीश्वर मंदिरातून चोळकालीन नटराज चोरीला गेला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५० लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतला. विक्रेता होता न्यूयॉर्कचा सुभाष कपूर, आणि मूर्तीसोबतची कागदपत्रे बनावट. हा बनाव टिकला नाही, कारण मूर्ती देवळात असताना पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने तिचे फोटो काढून ठेवले होते. काढले होते अभ्यासासाठी, कामी आले पुरावा म्हणून. सप्टेंबर २०१४ मध्ये नटराज परत आला.

मूर्ती परतली की आपण करारांचे गुण गातो. पण १९७० चा युनेस्को करार (भारत १९७७ पासून त्यात आहे) नीट वाचावा. त्याचे सातवे कलम चोरीच्या वस्तूची आयात रोखते, पण ती वस्तू संग्रहालयाच्या किंवा देवस्थानाच्या यादीत नोंदलेली असेल तरच. शिवाय पुरावा जमवायचा तो परत मागणाऱ्या देशाने, स्वखर्चाने. म्हणजे दाव्याची खरी ताकद परराष्ट्र खात्याइतकीच आपल्या नोंदवहीत आहे.

आणि आपल्या नोंदवह्यांत काय असते? ‘पितळी मूर्ती, नग १.’ एवढ्यावर कोणते न्यायालय मूर्ती हवाली करील?

मेण वितळवून केलेल्या ओतकामात साचा फोडावाच लागतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकुलती एक. ओतताना राहिलेली छिद्रे, मागाहून दिलेला डाग, पीठाच्या कडेचा टवका, पूजेने झिजलेले नाक ही तिची ओळख. म्हणून पाठीमागचा आणि तळाचा फोटो हवाच, मोजपट्टी शेजारी ठेवून. उत्सवमूर्ती आणि मुखवट्यांचे फोटो वस्त्रे-दागिने उतरवून, पुजाऱ्यांना विश्वासात घेऊन काढावे लागतील. वेशीवरच्या वीरगळांना तर कोणी वालीच नाही. त्यांची जागा नकाशासह टिपली पाहिजे.

नोंद केली तर चोरांना आयती माहिती मिळेल, ही विश्वस्तांची भीती रास्त आहे. त्यावर उपाय आहे: यादी जाहीर करू नये, पण तिची एक प्रत देवस्थानाबाहेर, पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयात ठेवावी. चोरीनंतर पहिल्याच दिवशी फिर्यादीला तीच जोडता येईल.