आधीच ठरलेला कौल

उपचारासाठी परगावी जाणे ही आपल्या सीमाभागाला नवलाई नव्हे. निपाणीचा रुग्ण कोल्हापुरास जातो, बेळगावचा मिरजेस. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून ती वाट आपल्या पायांखालची झाली आहे. तेव्हा प्रवासाविरुद्ध लेखणी उचलण्याचे मला कारण नाही. माझे भांडण आहे ते सिद्ध न झालेल्या आशेचे तिकीट विकणाऱ्या व्यापाराशी, आणि त्या तिकिटाचे पैसे देवळाच्या सभामंडपात गोळा करण्यास निघणाऱ्या आपल्या भाबड्या दानतीशी.

उदाहरण घेतो ते मल्टिपल स्क्लेरॉसिस या व्याधीचे. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर एक संरक्षक आवरण असते. शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटून त्या आवरणावर घाला घालते. मग दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात, हातातील भांडे गळून पडते. बहुधा ऐन तारुण्यात हा रोग गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. त्यास समूळ बरे करणारे औषध आजही नाही. मात्र त्याची गती रोखणारी औषधे आहेत. ती महाग आहेत व दीर्घकाळ घ्यावी लागतात.

अशा रोगावर २००९ साली इटलीतील फेरारा येथील शल्यचिकित्सक पाओलो झांबोनी यांनी एक नवा सिद्धान्त मांडला. मान व छाती यांतील शिरा अरुंद झाल्याने मेंदूतील रक्त नीट उतरत नाही व तेच या व्याधीचे मूळ आहे, असे त्यांचे म्हणणे. उपाय सोपा होता: शिरेत नळी सरकवावी, टोकाचा फुगा फुगवावा, शीर रुंद करावी. त्यांची स्वतःची पत्नी याच रोगाने पीडित होती. तेव्हा त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या क्रियेला नाव पडले ‘मुक्ती’! मुक्ती हा शब्द आपल्या कानांवर किती जन्मांच्या साधनेसह येतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगणे नको. तेथे ती एका दुपारी, रोख रकमेवर मिळू लागली.

कॅनडातील डॉक्टरांनी पुराव्यावाचून ही क्रिया करण्यास नकार देताच तेथील रुग्ण पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका येथे धावले, आणि आपल्या भारतातही आले. ज्या देशातून श्रीमंतांनी विलायतेस उपचारार्थ जावे, त्याच देशात विलायतेच्या पलीकडचे रुग्ण ही ‘मुक्ती’ विकत घेण्यास उतरले. यात अभिमान वाटण्याजोगे काही आहे, असे मला वाटत नाही.

पुढे काय झाले? २०१२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. या क्रियेनंतर मृत्यू, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या आणि शिरेत बसविलेली जाळी निसटून अन्यत्र जाणे, असे प्रकार नोंदले गेले होते. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी रुग्ण, त्यांची भावंडे व नात्यागोत्याबाहेरची निरोगी माणसे अशा तिघांच्या शिरा ताडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक अरुंद झालेली शीर रुग्णांत शंभरांत ७४ जणांना, भावंडांत ६६ जणांना आणि निरोगी परक्यांत ७० जणांना आढळली. जे सर्वांतच आहे, ते रोगाचे कारण कसे? २०१७ साली कॅनडातील १०४ रुग्णांच्या चाचणीत खरी क्रिया व केवळ दिखाऊ क्रिया यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. त्याच वर्षी खुद्द झांबोनी यांच्या नेतृत्वाखालील इटलीतील चाचणी प्रसिद्ध झाली, आणि या रोगासाठी हा उपचार सुचविता येत नाही, असा निष्कर्ष तिनेही काढला. आपल्या सिद्धान्ताविरुद्धचा निर्णय स्वनामाने प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाला मी नमस्कार करतो. नमस्कार करवत नाही तो मधल्या आठ वर्षांत पैसे मोजून घेणाऱ्या दुकानदारांना.

यावर आक्षेप येतो: ‘शेकडो रुग्णांना बरे वाटले, ते काय खोटे बोलतात?’ मुळीच नाही. परंतु हा रोग बहुतेकांत भरती-ओहोटीसारखा येतो व ओसरतो. ओहोटीच्या वेळी जो उपाय हाताशी असेल, त्यास यश लाभते. आपल्याकडील मंडळींना हे समजण्यास कौलाचे उदाहरण पुरे. देवास कौल लावताना पाकळी उजवीकडे पडेल की डावीकडे, हे गुरव आधी ठरवीत नाही. ठरवू लागला, तर ते देऊळ राहणार नाही. खरी वैद्यकीय चाचणीही अशीच असते. डावा कौल पडण्याची मोकळीक तिच्यात असते. उजवीच पाकळी दाखवीत फिरणारा, तो मग पांढऱ्या अंगरख्यात असो वा भगव्या, भक्तांस फसवितो.

कायद्याचे तत्त्वही हेच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमापर्यंत भाषा बदलली, तत्त्व बदलले नाही: जो दावा करतो, त्याने तो सिद्ध करावा. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांसंबंधीच्या अधिनियमाने ताईत व मंत्र यांच्या फसव्या जाहिरातींना बंदी केली, आणि मज्जासंस्थेचे विकार व पक्षाघात हे त्याच्या अनुसूचीत आहेत. ताईतवाल्यास जो न्याय, तो फुगेवाल्यास का नसावा? समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय समजल्यावाचून दिलेली संमती ही संमती नव्हे. आणि परदेशात इजा झाली, तर दाद कोणत्या न्यायालयात मागणार? अधिकारक्षेत्र या शब्दाचा अर्थ आपल्याइतका कोणास ठाऊक आहे! २००४ सालचा सीमादावा दोन दशके उलटूनही निकालाविना आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमागावांसाठी जनआरोग्य योजना जाहीर करताच कर्नाटकाने विरोध केला. दोन शासनांच्या ओढाताणीत भरडलेल्या माणसाने तिसऱ्या देशातील अनोळखी दवाखान्याकडे न्याय मागावा, ही थट्टा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ‘आशा तरी हिरावून घेऊ नका.’ मी ती हिरावीत नाही. मी तिचा पत्ता बदलू पाहतो. शिरांचा बाजार उठला, तरी तोच व्यापार आज मूलपेशींच्या नावाने चालू आहे, आणि २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असा वापर मान्य चाचणीबाहेर करता येत नाही. तेव्हा सभामंडपातील फळ्यावर उद्या अशा प्रवासासाठी वर्गणीचे आवाहन लागले, तर देवस्थानच्या विश्वस्तांनी तीन प्रश्न विचारावेत. हा उपाय दिखाऊ उपायाशी ताडून पाहिला आहे काय? जो तो विकतो, त्याच्यावाचून अन्य मज्जातज्ज्ञाने तो सुचविला आहे काय? आणि परतल्यावर काही बिघडले, तर रुग्णाकडे कोण पाहणार? एकाचेही उत्तर ‘नाही’ किंवा ‘ठाऊक नाही’ असे आले, तर पेटी बंद ठेवावी.

मात्र पेटी बंद करून हात झटकणे हाही धर्म नव्हे. गती रोखणाऱ्या औषधांचा खर्च, अंगमर्दन व व्यायाम यांसाठी येणारा तज्ज्ञ, चाकांची खुर्ची, थकलेल्या गृहिणीस आठवड्यातून दोन दिवस विसावा: याला परदेशाचे तिकीट लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने ही व्याधी आपल्या सूचीत घेतली आहे. तिचे प्रमाणपत्र मिळवून देण्यास एखादा वकील व एखादा कार्यकर्ता पुरेसा आहे. आणि ज्या देवळाच्या पायऱ्या अशा रुग्णास चढवत नाहीत, तेथे शेजारी एक उतरण बांधावी. त्या व्याधिग्रस्त माणसास दर्शनासाठी कोणाच्या खांद्याची याचना करावी लागू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.