नगीना कसे जिंकले? चंद्रशेखर आझाद यांच्या वाटचालीतला न बोलला जाणारा भाग

४ जून २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील नगीना या राखीव मतदारसंघात चंद्रशेखर आझाद यांना ५,१२,५५२ मते मिळाली. भाजपचे उमेदवार १,५१,४७३ मतांनी मागे राहिले. भाजप आघाडी समोर, समाजवादी पक्ष आणि काँग्रेसची आघाडीही समोर, बसपाचाही उमेदवार मैदानात. आझाद मात्र ‘केटली’ हे चिन्ह घेऊन एकटे लढले. २०१९ मध्ये ज्या बसपाने ही जागा जिंकली होती, तिला या वेळी १३,२७२ मते पडली.

आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाईलवर आझादांचे व्हिडिओ भरपूर आहेत: मिशी, निळा गमछा, जामा मशिदीच्या पायऱ्यांवर हातात संविधान. हे सगळे खरेच आहे, पण पाच लाख मते व्हिडिओवर पडत नाहीत.

आझाद सहारनपूर जिल्ह्यातल्या घडकौलीचे, छुटमलपूरजवळचे. जन्म १९८६ चा. वडील सरकारी शाळेत शिक्षक. स्वतः कायद्याचे पदवीधर. वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात असताना त्यांच्या तोंडून जातीचे अनुभव ऐकले आणि परदेशी शिकायला जाण्याचा विचार सोडला, असे ते सांगत आले आहेत. गावाच्या वेशीवर लावलेल्या ‘द ग्रेट चमार’ या फलकाने त्यांचे नाव पंचक्रोशीत गेले. ज्या शब्दाने शिवी दिली जाते तोच अभिमानाने रंगवून लावला, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

पण चळवळ उभी राहिली ती भीम पाठशाळांवर. २०१५ मध्ये विनय रतन सिंह आणि इतर सहकाऱ्यांसोबत भीम आर्मी सुरू झाली, तेव्हा तिचे रोजचे काम होते संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवणे. शिकवणारे बहुतेक गावचेच शिकलेले तरुण. अशा शेकडो शाळा चालतात असा संघटनेचा दावा आहे. आकडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्या घरातले पोर पाठशाळेत जाते, त्या घरात कार्यकर्त्याला पाण्याचा तांब्या मिळतो. अडचणीच्या वेळी हाक मारायची कोणाला, हेही त्या घराला ठाऊक असते.

ती हाक मे २०१७ मध्ये आली. शब्बीरपूरमध्ये महाराणा प्रताप जयंतीच्या मिरवणुकीवरून हिंसा झाली, एका ठाकूर तरुणाचा मृत्यू झाला आणि दलितांची घरे जाळली गेली. भीम आर्मी रस्त्यावर आली. २१ मे रोजी दिल्लीच्या जंतरमंतरवर प्रचंड गर्दी जमली आणि जूनमध्ये आझादांना डलहौसीत अटक झाली. नोव्हेंबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जामीन दिला, तर सरकारने लगेच राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला. सुटका झाली ती १४ सप्टेंबर २०१८ च्या मध्यरात्रीनंतर. त्याच डिसेंबरात ते महाराष्ट्रात आले, तेव्हा मुंबईतल्या सभेला परवानगी नाकारून पोलिसांनी त्यांना मालाडच्या हॉटेलात अडवून ठेवले. घोषणा देत बाहेर उभे राहिलेल्यांपैकी काहीजण आज हा लेख वाचत असतील.

तुरुंगाने नाव दिले, मते दिली नाहीत. १५ मार्च २०२० रोजी, कांशीराम यांच्या जयंतीला, आझाद समाज पक्ष स्थापन झाला. २०२२ मध्ये आझाद थेट गोरखपूरला योगी आदित्यनाथांविरुद्ध उभे राहिले. देशभर बातमी झाली. मते आठ हजारांच्याही आत, अनामत जप्त. माझ्या मते त्यांच्या राजकीय प्रवासातला सर्वांत उपयोगी धडा हाच. बलाढ्य नेत्यासमोर उभे राहण्याचा थरार वेगळा आणि बूथवर माणूस असणे वेगळे. गोरखपूर त्यांच्या कामाच्या पट्ट्यापासून शेकडो किलोमीटर दूर होते. नगीना याच पट्ट्यातले. जून २०२३ मध्ये देवबंदला त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, एक गोळी कमरेला चाटून गेली, तरी फिरणे थांबले नाही. समाजवादी पक्षाशी जागेची बोलणी फिसकटली, तरी त्यांनी नगीना सोडले नाही.

हा मतदारसंघ बिजनौर जिल्ह्यात आहे. मायावती १९८९ मध्ये पहिल्यांदा लोकसभेत गेल्या त्या बिजनौरमधूनच. त्याआधी कैराना, बिजनौर आणि हरिद्वार असे तीन पराभव त्यांनी पचवले होते. म्हणजे ही जमीन आधीच नांगरलेली होती. बसपाचा मतदार पर्याय शोधत होता. त्याला जोड मिळाली मुस्लीम मतदारांची. नागरिकत्व कायद्याच्या आंदोलनात तुरुंगात गेलेला माणूस त्यांना आपला वाटला. नुसत्या दलित मतांवर ही जागा निघाली नसती.

महाराष्ट्रात हे गणित आपण एकदा पाहिले आहे. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे रिपब्लिकन चळवळीचे चार खासदार एकाच वेळी निवडून आले. तेव्हा गट एकत्र होते आणि काँग्रेसची साथ होती. पुढे एकी गेली, गट उरले. आज आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीला दहा हजार तरुण निघतात, पण मतदार यादी घेऊन दारोदार जाणारे दहा मिळत नाहीत, आणि याचा दोष फक्त नेत्यांवर ढकलता येत नाही.

तरीही नगीना म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे. २०२४ च्या हरियाणा विधानसभेत जजपाशी युती करून आझाद समाज पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याच वर्षी मीरापूरच्या पोटनिवडणुकीत पक्ष तिसरा आला, बसपाच्या पुढे, पण विजयापासून लांबच. पक्षात आझादांखेरीज दुसरा चेहरा सांगा म्हटले तर महाराष्ट्रातला कार्यकर्ता अडखळतो. कांशीराम यांनी बामसेफ आणि डीएस-४ मधून आधी माणसे घडवली, मग पक्ष काढला. इथे पक्ष आधी मोठा झाला आहे आणि माणसे घडायची आहेत. २०२७ मध्ये उत्तर प्रदेशात विधानसभेच्या ४०३ जागांसाठी निवडणूक व्हायची आहे, आणि त्या सगळीकडे आझाद स्वतः उभे राहू शकत नाहीत.