स्वर्गाची मजुरी

ख्रिस्ती धर्माविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत एक मत इतकें रुळून गेलें आहे कीं, तें सिद्ध करण्याची गरजही कोणास वाटत नाहीं. तें मत असें : ख्रिस्ती मनुष्य सत्कर्म करतो तें स्वर्गांतील चिरंतन पारितोषिकाच्या आशेनें, आमचा धर्म मात्र फळाची आशा न धरतां कर्म करावयास शिकवतो, सबब त्यांची नीति मजुराची आणि आमची ज्ञान्याची. यवतमाळ-दारव्ह्याकडील वकील, शिक्षक, डॉक्टर मंडळींच्या बैठकींत हें मत आम्हीं अनेकदां ऐकलें आहे, आणि पुण्या-मुंबईच्या विद्वानांच्या तोंडूनही तें जरा भारदस्त शब्दांत ऐकलें आहे. आम्ही ख्रिस्ती नाहीं, व त्या धर्माची वकिली करण्याचा आमचा हेतुही नाहीं. परंतु जें मत बोलणाऱ्यास फुकटचा मोठेपणा देतें आणि ज्याच्याविषयीं बोललें जातें त्याच्यावर अन्याय करतें, त्याची एकदां नीट झडती घेतली पाहिजे.

प्रथम आपलें घर पाहूं. गीतेंतील निष्काम कर्माचा उपदेश थोर आहे, याबद्दल वाद नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तो आमच्या देवघरापर्यंत कितपत पोंचला आहे? बहुतेक स्तोत्रांच्या व व्रतकथांच्या शेवटीं फलश्रुति जोडलेली असते. कोणास विद्या, कोणास संपत्ति, कोणास संतति, अशी ती यादी असते. सत्यनारायणाच्या कथेंतील साधुवाणी आठवावा. तो खोटें बोलला तेव्हां त्याच्या नौकेंतील धनाचीं पानें-वेली झालीं. शरण गेला तेव्हां त्यांचें पुन्हां धन झालें. नवें घर असो, नवें दुकान असो कीं मुलाची नोकरी असो, ही कथा झाल्यावांचून आमच्या सुशिक्षित कुटुंबास चैन पडत नाहीं. याला निष्काम कर्म म्हणावयाचें काय? ख्रिस्ती भाविक फळासाठीं निदान मरणापर्यंत थांबावयास तयार असतो. आम्हांस तें चालू आर्थिक वर्षांतच हवें असतें. दुसऱ्याच्या धर्माची परीक्षा त्याच्या सामान्य अनुयायावरून करावयाची आणि आपल्या धर्माची मात्र त्याच्या सर्वोच्च ग्रंथावरून करावयाची, हा न्याय नव्हे.

आतां त्यांचा ग्रंथ पाहूं. नव्या करारांत स्वर्गांतील प्रतिफळाचा उल्लेख वारंवार येतो, हें मान्य केलें पाहिजे. डोंगरावरील प्रवचनांतही तो आहे. पण तें प्रतिफळ कोणत्या जातीचें आहे, हें पाहण्याची तसदी टीकाकार घेत नाहींत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायांत द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टांत आहे. मळ्याचा धनी पहांटे कांहीं मजूर कामास लावतो, कांहीं दुपारीं लावतो, आणि कांहीं तर दिवस मावळावयास तासभर राहिला असतां लावतो. संध्याकाळीं सर्वांच्या हातावर सारखीच रोजी ठेवतो. दिवसभर उन्हांत राबलेले मजूर कुरकुरतात. पण धनी ऐकत नाहीं. आमच्या भागांत कापसाची वेचणी वजनावर होते : जितके किलो, तितके पैसे. दारव्ह्याच्या वेचणीवाल्या बाईस हा दृष्टांत सांगितला, तर ती म्हणेल कीं, हा मालक व्यवहार जाणत नाहीं. आणि दृष्टांताचें मर्म नेमकें तेंच आहे. तेथील देणें कामाच्या वजनावर ठरत नाहीं. देणाराच्या औदार्यावर ठरतें. अशा देण्यास मजुरी म्हणणें हा शब्दाचा अपलाप आहे.

त्याच ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत अंतिम न्यायाचें चित्र आहे. ज्यांनीं भुकेल्यास अन्न दिलें, उघड्यास वस्त्र दिलें, बंदिवानाची भेट घेतली, त्यांस राज्य मिळतें. पण तें मिळतांना ते आश्चर्यानें विचारतात कीं, आम्हीं हें केव्हां केलें? आपण ईश्वराची सेवा करीत होतों, हें त्यांस ठाऊकच नव्हतें. ज्यांनीं हिशेब ठेवला नाहीं त्यांनाच फळ मिळालें, असें ही कथा सांगते. यांत आणि निष्काम कर्मांत आमच्या पंडितांस वाटतें तेवढें अंतर आहे काय?

ग्रंथ बाजूस ठेवून माणसें पाहिलीं, तरी हेंच दिसेल. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल त्यांस लाभ कोणता झाला? जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें दुरावल्या; ती कहाणी ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. पुढें १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरीही सोडली. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन निराधार मुली गोळा केल्या आणि त्यांस केडगांवीं आसरा दिला. उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्या बायबलाच्या मराठी भाषांतरास बसल्या. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी हातांतील काम खालीं ठेवलें नाहीं, आणि तें उरकून १९२२ च्या एप्रिलांत त्यांनीं देह ठेवला. त्यांस स्वर्गाची आशा नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. होती, आणि दृढ होती. पण या चरित्रांत लोभ कोठें आहे, तें टीकाकारांनीं बोट ठेवून दाखवावें.

यावर उत्तर ठरलेलें आहे : “टिळक-रमाबाई हे अपवाद, दुष्काळांत ख्रिस्ती झालेले बाकीचे लोक पोटासाठीं झाले.” आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत फ्री मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून काढला. अशा दिवसांत अन्नासाठीं कोणी मिशनच्या दारीं गेले असतील, तर त्यांत लाज कोणाची? ज्यानें दार उघडलें त्याची, कीं ज्याचें दार अगोदर ठोठावूनही उघडलें नाहीं त्याची?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. फळाची आशा धरूं नका, हा उपदेश भरल्या कणग्यांच्या घरांत बसून करणें फार सोपें असतें. दारव्हा तालुक्यांतील कोरडवाहू शेतकरी पाऊस दगा देतो तेव्हां दुबार पेरणी करतो आणि पहिल्या कर्जावर दुसरें कर्ज चढवतो. २००६ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होतें. ज्याचें नांव जन्मभर सावकाराच्या वहींतच लिहिलेलें राहिलें, त्यास कोणी सांगितलें कीं, तुझें नांव दुसऱ्याही एका ठिकाणीं लिहिलेलें आहे, आणि तेथें तें पुसलें जाणार नाहीं, तर त्याच्या आशेस लोभ म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तो व्याज मागत नाहीं. आपण सोसलें तें कोणी तरी पाहिलें, एवढीच खात्री त्यास हवी असते.

आणि म्हणूनच जे ख्रिस्ती उपदेशक या आशेचा बाजार मांडतात, त्यांचीही आम्ही गय करूं इच्छीत नाहीं. दान म्हणजे बीं पेरणें, आज द्या आणि शंभरपट घ्या, असा उपदेश आजकाल अनेक व्यासपीठांवरून होत असतो. आमच्या शेतकऱ्यास पेरणीचें रूपक ऐकवण्यापूर्वीं या उपदेशकांनीं एकदां त्याचें करपलेलें शेत पाहून यावें. पारलौकिक लाभाच्या अशाच व्यापाराविरुद्ध, पापाच्या शिक्षेंतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध, १५१७ सालीं जर्मनींत मार्टिन ल्यूथरनें आवाज उठवला. तो ख्रिस्ती धर्मांतूनच उठला होता, हें या व्यापाऱ्यांनीं विसरूं नये. गरिबाची आशा ही त्याची अखेरची पुंजी असते. तिच्यावर दलाली घेणें हें सावकारीहून हीन आहे.

तात्पर्य, आशा आणि सौदा यांतील सीमा हिंदु व ख्रिस्ती यांच्यामधून जात नाहीं. ती दोन्ही धर्मांच्या आंतून जाते, आणि ती ओळखावयाची तर ज्यानें त्यानें प्रथम आपल्याच घरांत पाहिलें पाहिजे. पुढील वेळीं कोणी विद्वान् गृहस्थ ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गलोभाविषयीं बोलूं लागले, तर वाचकांनीं त्यांस नम्रपणें एवढेंच विचारावें : गेल्या सत्यनारायणाच्या संकल्पांत आपण काय मागितलेंत?