किटलीतला सूर
1979 साली ब्रॉडवेवर ‘स्वीनी टॉड’मध्ये माणसाचं मांस पारीत भरून विकणारी मिसेस लव्हेट रंगवून टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या अँजेला लॅन्सबरीबाईंनीच 1991 मध्ये डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या किटलीला आईची माया दिली, याची मला अजून गंमत वाटते. शीर्षकगीत आपल्या आवाजाला शोभेल का, अशी बाईंना शंका होती. राखीव म्हणून तरी गा, असं विनवल्यावर त्या एकदाच गायल्या आणि तेच चित्रपटात राहिलं. (राखीव म्हणे!) पडद्यावर हलते ती किटली; पण शब्द कुठे रेंगाळू द्यायचा, हे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेल्या नटीलाच कळतं. डिस्नेच्या त्या किटलीनंतरही रंगमंच सुटला नाहीच: 2009 मध्ये, वयाच्या 83व्या वर्षी, ‘ब्लाइद स्पिरिट’साठी पाचवा टोनी!