विकणाराच तपासनीस

यंदाच्या अंकाचा मुख्य विषय शस्त्रांचा बाजार. सणासुदीला हे कशाला, असं काही स्नेह्यांनी विचारलं. पण हा बाजार आपल्या दारातच आहे. वरणगावला काडतुसं बनतात, भद्रावतीजवळ चांद्याच्या कारखान्यात दारूगोळा भरला जातो, आणि २०२३-२४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २१ हजार कोटींवर गेली. तिथल्या कामगारांच्या कसबाबद्दल आम्हाला आदर आहे. भरवसा नाही तो ‘आम्ही नीट पारखून विकतो’ या सरकारी शब्दावर. मग सरकार कुठलंही असो.

पुरुलिया आठवा. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री बंगालमधल्या खेड्यांवर विमानातून पॅराशूटला बांधलेल्या पेट्या पडल्या. आत शेकडो एके-४७ आणि लाखो गोळ्या. माल चोरीचा नव्हता. तो बल्गेरियातून कागदपत्रांनिशी निघाला होता. माल शेवटी कोण वापरणार हे लिहून देणाऱ्या एंड-यूजर सर्टिफिकेटवर नाव होतं बांगलादेशचं. सौद्यातल्या ब्रिटिश दलालाने आपल्या देशातल्या अधिकाऱ्यांना आधीच खबर दिली होती. लंडनहून दिल्लीला इशाराही आला होता. तरी पेट्या पडल्या! काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरवलं गेलं, तर ज्याच्यावर सूत्रधार असल्याचा आरोप आहे तो किम डेव्ही विमानतळावरून निसटला.

पुढे २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार झाला. निर्यातदारांना झुकतं माप मिळतंय म्हणून भारत तटस्थ राहिला. ब्रिटनने तो मंजूर केला, आणि येमेनवर बॉम्ब टाकणाऱ्या सौदी अरेबियाला शस्त्रं विकणं चालूच ठेवलं. आधीच्या हल्ल्यांत युद्धाचे नियम मोडले गेले का, हे ठरवण्याचा प्रयत्नही न करता परवाने दिले, म्हणून ती पद्धत बेकायदा, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. वर्षभराने ‘तुरळक घटना’ म्हणत सरकारने परवाने पुन्हा सुरू केले. खप वाढवायला धडपडणारं आणि परवाना देणारं सरकार एकच असेल, तर दुसरं काय होणार?

इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, ही याचिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, असं सांगून. तेव्हा जाब संसदेनेच विचारायला हवा. कुणाला काय विकलं, याची देशवार यादी दरवर्षी सभागृहात मांडली जावी. माल पोचल्यावर तो कुणाच्या हातात आहे, हे तिथे जाऊन पाहणारी, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीबाहेरची यंत्रणा हवी. ती उभी राहीपर्यंत कुठल्याही सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायला आम्ही तयार नाही.